विश्वभारतीचा कलासंग्रह : भिंतींवरची चित्रे आणि झाडांखालची शिल्पे कशी पाहावीत?

कुंचला

नमस्कार. मी कोकणातील एका कला महाविद्यालयात चित्रकला शिकवते. येत्या हिवाळ्यात शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना घेऊन शांतिनिकेतनला जायचे ठरत आहे. त्यासाठी विश्वभारती विद्यापीठाच्या कलासंग्रहाची माहिती जमवायला बसले आणि एका मुद्द्यावर अडले. विद्यापीठाचा कायमस्वरूपी संग्रह म्हटला की नोंदवही, प्रत्येक कलाकृतीला क्रमांक, कुलूपबंद साठवण आणि आलटून पालटून मांडली जाणारी प्रदर्शने, असे आपण गृहीत धरतो. विश्वभारतीत तसा संग्रह आहेच. कलाभवनाचे, म्हणजे तिथल्या कलाशिक्षण विभागाचे, ‘नंदन’ संग्रहालय आहे आणि रवींद्र भवनात रवींद्रनाथांची दीड हजारांहून अधिक चित्रे आहेत. परंतु ज्यांच्यासाठी मुलांना तिथवर न्यावे असे मला वाटते, त्या बहुतेक कृती या दोन्ही वास्तूंच्या बाहेर आहेत. रामकिंकर बैज यांचे ‘संथाळ कुटुंब’ कलाभवनाच्या आवारात आहे, बिनोदबिहारी मुखर्जी यांचे मध्ययुगीन संतांवरील भित्तिचित्र हिंदी भवनात आहे, तर नंदलाल बोस यांची ‘नटीर पूजा’ चीना भवनाच्या भिंतीवर आहे.

हाताशी दोनच दिवस असतील, तर काय आधी पाहावे आणि कशावर वेळ द्यावा? भिंतीपासून सुटी न होणारी किंवा ऊनपाऊस झेलणारी कलाकृती जतन करण्याची रीत संग्रहालयातल्या चित्रापेक्षा कशी वेगळी असते? आणखी एक प्रश्न वर्गातूनच आला. ‘संथाळ कुटुंबा’चा ब्राँझमध्ये ठसा ओतून तो बाहेर ठेवावा आणि मूळ शिल्प आत हलवावे, असे काही मुलांचे म्हणणे पडले. त्यांना काय उत्तर द्यावे, हे जाणकारांनी सांगितल्यास मदत होईल.

शालवीथी

कुंचलाताई, मी कलाभवनाचा माजी विद्यार्थी आहे, त्यामुळे माझ्या मतात जिव्हाळ्याचा भाग असणार, हे आधीच सांगून ठेवतो.

पहिला दिवस कलाभवनाच्या आवारासाठी ठेवा आणि संग्रहालय त्यानंतर पाहा. कलाभवन १९१९ साली सुरू झाले, म्हणजे विश्वभारतीची रीतसर स्थापना होण्याच्या दोन वर्षे आधी. नंदलालबाबूंनी तेथे शिकवण्याची जी पद्धत रुजवली, तिच्यात इमारतीची भिंत हाही फळ्याइतकाच शिकवण्याच्या कामाचा भाग होता. जयपूरहून नरसिंहलाल नावाच्या कारागिराला बोलावून चुन्याच्या गिलाव्यावर घोटून रंगवण्याची तिकडची रीत विद्यार्थ्यांना शिकवली गेली, आणि जुन्या ग्रंथालयाच्या ओसरीवर गुरू-शिष्यांनी मिळून चित्रे काढली. या कृती कोणी विकत घेतलेल्या नाहीत आणि कोणी देणगीतही दिलेल्या नाहीत. त्या जागेवरच शिकता शिकवता तयार झाल्या, म्हणूनच त्यांना संग्रह म्हणायला आपली जीभ अडखळते.

‘संथाळ कुटुंब’ (१९३८) सकाळी पाहावे. पुरुषाच्या खांद्यावर कावड आहे आणि कावडीच्या एका टोपलीत मूल बसवलेले आहे, स्त्रीच्या कडेवर दुसरे मूल आहे, बरोबर कुत्रा आहे. माणसे कामाच्या शोधात बिऱ्हाड घेऊन निघाली आहेत. आकृती माणसापेक्षा मोठ्या आहेत, पण चौथरा इतका बुटका आहे की आपण त्यांच्याकडे मान वर करून पाहत नाही, त्यांच्या बाजूने चालू लागतो. मुलांना एका जागी उभे राहून रेखाटन करू देऊ नका. पूर्ण फेरी मारायला लावा, कारण समोरून स्थिर वाटणारे पाय बाजूने पाहिल्यावर चालू लागतात. जवळच ‘कलेर बाँशी’ (१९५६) आहे. गिरणीचा भोंगा झाला म्हणून दोन स्त्रिया धावत सुटल्या आहेत, ओले कापड वाऱ्यावर उडते आहे आणि मागे एक मुलगा आहे. दोन शिल्पांमध्ये अठरा वर्षांचे अंतर आहे. पहिल्यातले कुटुंब पायी निघाले आहे, दुसऱ्यातल्या स्त्रियांना वेळ गाठायची आहे. याहून अधिक समजावणे मला तरी शिक्षक म्हणून आगाऊपणाचे वाटेल.

‘सुजाता’ (१९३५) चुकवू नका. झाडांच्या बुंध्यांमध्ये मिसळून जाईल अशी ती उंच, शिडशिडीत आकृती आहे. मूळ कल्पना निव्वळ एका तरुणीच्या आकृतीची होती. डोक्यावर पात्र द्यावे असे नंदलालबाबूंनी सुचवले आणि ती बुद्धाकडे खीर घेऊन निघालेली सुजाता झाली. हे शिल्प पाहून रवींद्रनाथांनी रामकिंकरांना बोलावले आणि सारे आश्रम अशा शिल्पांनी भरून टाक असे सांगितले, ही हकिकत तिथे प्रत्येकाला तोंडपाठ असते.

‘कालो बाडी’ म्हणजे काळे घर हे विद्यार्थ्यांचे वसतिगृह आहे. मातीच्या भिंतींवर उठावाची शिल्पे करून वर डांबर चढवले आहे. डांबर लावण्यामागचा हेतू साधा होता : पाऊस आणि वाळवी यांपासून मातीचा बचाव. त्या उठावांत भारहूतच्या प्राचीन बौद्ध स्तूपापासून इजिप्तपर्यंतचे नमुने आहेत. कलेचा इतिहास शिकवण्यासाठी मुलांच्या झोपण्याच्या खोल्यांच्या भिंती वापरल्या गेल्या.

हिंदी भवन दुसऱ्या दिवशी, आणि घाई न करता. त्यावर इतर कोणी लिहिणार नसेल तर मी लिहीन.

चुनावाळू

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या कामात आहे, त्यामुळे दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहितो. दोन्ही प्रकारांचे आजार वेगळे आहेत आणि उपायही वेगळे, तेव्हा ते एकत्र करू नयेत.

आधी भित्तिचित्र. हिंदी भवनातले काम (१९४६–४७) ओल्या गिलाव्यावरचे आहे. चुनकळी भिजवून मुरवलेला चुना आणि वाळू यांचा गिलावा ओला असतानाच पाण्यात कालवलेले खनिज रंग त्यावर लावतात. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा चुनखडी होतो आणि रंगाचे कण त्या कवचात अडकतात. म्हणजे रंग भिंतीवर नसून भिंतीत असतो. आपल्या कोकणात आणि गोव्यात देवळांवर जे कावीकाम आहे, त्यात रीत निराळी असली, लाल थर खरवडून आतला पांढरा उघडा करायचा असला, तरी आधार त्याच ओल्या चुन्याचा. कुंचलाताई, निघण्यापूर्वी मुलांना जवळचे एखादे कावीकाम दाखवून आणा, म्हणजे हिंदी भवनात तुम्हाला निम्मे बोलावे लागणार नाही.

या पद्धतीत एका दिवसात जेवढे रंगवता येईल तेवढाच गिलावा चढवतात. दुसऱ्या दिवशीचा गिलावा कालच्या कडेला भिडवावा लागतो, त्यामुळे भिंतीवर बाजूने उजेड पाडून पाहिले की दिवसादिवसाच्या कामाचे सांधे ओळखता येतात. बिनोदबिहारींनी हे काम पूर्ण आकाराचा कच्चा आराखडा भिंतीवर न उतरवता केले. सभागृहाच्या तीन भिंतींचा वरचा भाग, लांबी सुमारे ७७ फूट आणि उंची आठ फुटांच्या आसपास. गिलावा सुकत असताना चूक पुसता येत नाही, हे ज्याने एकदा तरी करून पाहिले आहे त्याला या धैर्याची कल्पना येईल.

अशा चित्राचा खरा शत्रू भिंतीच्या आत असतो. जमिनीतून चढणारी ओल किंवा छतातून झिरपणारे पाणी क्षार विरघळवून पृष्ठभागापर्यंत आणते, पाणी उडून जाते आणि क्षारांचे स्फटिक रंगाच्या थरामागे फुगतात. आपण याला लोणा लागला म्हणतो. म्हणून भित्तिचित्राची पहिली निगा म्हणजे छताची कौले, गच्चीचा उतार, पन्हाळी आणि पायाभोवतीचा निचरा. चित्राला हात लावायची वेळ त्यानंतर येते, आणि शक्यतो येऊ नये. सिमेंटने केलेली डागडुजी हा तर हमखास घातक प्रकार, कारण सिमेंटमधले क्षार चुन्यात उतरतात आणि ओल कोंडली जाते.

कॅनव्हासचे उदाहरण शेजारी ठेवले की फरक कळतो. हार्वर्ड विद्यापीठासाठी मार्क रॉथको यांनी एका भोजनकक्षात लावायला मोठी चित्रे रंगवली आणि ती १९६४ साली लागली. तिथे भरपूर ऊन येत होते आणि त्यांनी वापरलेला लिथॉल रेड हा लाल रंग उन्हाला टिकणारा नव्हता. चित्रे इतकी विटली की १९७९ पर्यंत ती उतरवून साठवणीत ठेवावी लागली. २०१४ साली ती पुन्हा दाखवली तेव्हा रंगाचा पुन्हा हात न फिरवता, प्रोजेक्टरमधून नेमका हिशेब केलेला रंगीत प्रकाश टाकून मूळ छटा परत आणल्या, आणि दररोज ठराविक वेळी तो प्रकाश बंद करून विटलेली चित्रेही प्रेक्षकांना दाखवली. मला हा उपाय अतिशय प्रामाणिक वाटतो. पण तो शक्य झाला कारण चित्रे उतरवता आली. हिंदी भवनाच्या बाबतीत साठवणीची खोली म्हणजे हिंदी भवनच.

आता रामकिंकरांची शिल्पे. लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर सिमेंट आणि जांभ्याचे खडे यांचे मिश्रण गोळ्यागोळ्यांनी थापलेले, आणि मग छिन्नीने घडवलेले. ब्राँझ परवडण्यासारखे नव्हते, शांतिनिकेतन ज्या जिल्ह्यात आहे त्या बीरभूमच्या लाल मातीत जांभ्याचे खडे हवे तेवढे होते. सिमेंट नवे असताना त्यातली अल्कता सळईला गंजण्यापासून वाचवते. वर्षानुवर्षे हवा आणि पाणी आत शिरले की ती अल्कता कमी होते, सळई गंजते, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापत असल्यामुळे आतून तडे जातात. त्याशिवाय शेवाळ, बुरशी, पक्ष्यांची विष्ठा आहेच. ही शिल्पे पाहताना तडा कुठे आहे आणि तो सळईच्या रेषेत धावतो का, हे मुलांना शोधायला सांगा.

पांथस्थ

मग कुंचलाताईंच्या विद्यार्थ्यांचे काय चुकले? सळई गंजणार हे ठाऊक असताना मूळ शिल्प पावसात ठेवणे मला केवळ भावनेचा प्रश्न वाटतो. फ्लॉरेन्समध्ये मायकेलअँजेलोचा ‘डेव्हिड’ १८७३ साली चौकातून आत हलवला आणि पुढे बाहेर प्रतिकृती बसवली, त्यात कोणाचा अपमान झाला नाही.

बडोदेकर

पांथस्थ, ‘डेव्हिड’ एका संगमरवरी शिळेचा आहे. तो उचलता आला. सळ्यांवर थापलेले काँक्रीट, ज्याचे पाय तळाशी एकजीव आहेत, ते उचलायचे म्हणजे आधी कापावे लागेल.

मला मात्र दुसराच मुद्दा मांडायचा आहे. कुंचलाताई, ‘नटीर पूजा’ पाहायला जाताना आमच्या बडोद्यातली तिची बहीण विसरू नका. सयाजीराव महाराजांनी कीर्तिमंदिरातील भिंतींचे काम नंदलाल बोस यांच्याकडे सोपवले होते आणि १९३९ ते १९४६ या काळात ते टप्प्याटप्प्याने पूर्ण झाले. चार भिंतींवर गंगावतरण, मीरेचे जीवन, महाभारताचे युद्ध आणि ‘नटीर पूजा’ आहे. चीना भवनातले चित्र १९४२ चे, म्हणजे दोन्ही कामे एकाच काळातली. रवींद्रनाथांच्या नाटकात राजाज्ञेने बंदी असतानाही श्रीमती ही राजनर्तकी बुद्धाच्या स्तूपापुढे नाचते, नाचता नाचता एकेक अलंकार उतरवते आणि मारली जाते. शांतिनिकेतनात ते नाटक झाले तेव्हा ती भूमिका नंदलालबाबूंच्या कन्या गौरी यांनी केली होती. चित्रकाराने तो नाच बापाच्या डोळ्यांनी पाहिला होता, हे ठाऊक असले की चित्रातल्या हातांकडे आपण वेगळ्या लक्षाने पाहतो. गायकवाडांच्या स्मृतिमंदिरात हाच विषय का घेतला असेल, यावर मुलांना भांडू द्या. एकाच हाताने एकच प्रसंग विद्यापीठाच्या भिंतीवर आणि राजघराण्याच्या वास्तूत कसा वेगळा बसवला, हा तुलनेचा फार चांगला धडा होईल.

महाराष्ट्राशी नंदलालबाबूंचा धागा आणखी एक. १९३६ च्या फैजपूर काँग्रेसची सजावट त्यांनी केली होती, बांबू आणि खेड्यात मिळणाऱ्या वस्तू वापरून. अधिवेशन संपले आणि ते सगळे उतरवले गेले. त्याच माणसाने भिंतीत मुरणारा रंगही वापरला आणि आठवडाभरात मोडायचा मांडवही मनापासून सजवला, त्यामुळे टिकण्याबद्दल त्यांच्या मनात आपल्याइतकी धास्ती नसावी, असा माझा कयास आहे.

शालवीथी

बडोदेकरांच्या कयासाला आवारातलेच एक उदाहरण जोडतो. के. जी. सुब्रमण्यन बडोद्यात अनेक वर्षे शिकवून १९८० साली शांतिनिकेतनात परत आले. १९९० च्या सुमारास त्यांनी कलाभवनातल्या एका इमारतीच्या बाहेरच्या भिंतींवर काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या आकृतींचे मोठे काम केले. पावसापाण्याने ते खराब झाले तेव्हा, पंच्याऐंशीच्या घरात असताना, त्यांनी जुने चित्र गिरवले नाही, भिंती नव्याने रंगवल्या आणि आकृतीही बदलल्या. हे कलाकार हयात होते म्हणून शक्य झाले. रामकिंकर आणि बिनोदबिहारी दोघेही १९८० साली गेले, त्यामुळे त्यांच्या कामाला असा हात लावण्याचा अधिकार आता कोणालाच नाही.

हिंदी भवनाबद्दल लिहीन म्हटले होते. बिनोदबिहारींची दृष्टी जन्मापासून अधू होती. एका डोळ्याने दिसतच नव्हते, दुसऱ्याने फार जवळचे तेवढे दिसे. अशा माणसाने ७७ फूट लांबीची रचना मनात धरून भिंत तुकड्यातुकड्याने रंगवली. चित्रात कबीर, सूरदास, तुलसीदास आहेत, पण ते गर्दीतून वेगळे काढून चौकटीत बसवलेले नाहीत. विणकर, यात्रेकरू, ओझी वाहणारी माणसे, घाट आणि वस्ती यांच्यामधून नजर वाहत जाते आणि मध्येच एखादा संत भेटतो. मराठी माणसाला दिंडीत चालताना मोठा कोण आणि धाकटा कोण हे जसे पटकन कळत नाही, तसेच इथे होते. आकृतींची मापे पाहा : काही भिंतीच्या उंचीइतक्या, तर त्यांच्या पायाशी बोटभर माणसे, आणि तरीही काही खटकत नाही. सुब्रमण्यन विद्यार्थी असताना या कामात मदतीला होते.

याच चित्रकाराने १९४० साली कलाभवनाच्या वसतिगृहाच्या छतावर बीरभूमचे खेडे रंगवले आहे. मध्यभागी तळे आणि त्याच्या चहुबाजूंना झाडे, गुरे, माणसे. त्याला वरची-खालची बाजू नाही. जमिनीवर उताणे पडूनच ते पाहावे लागते, आणि ज्या मुलांसाठी ते काढले ती रात्री तसेच पाहत असणार. १९५७ च्या सुमारास शस्त्रक्रियेनंतर त्यांची दृष्टी पूर्ण गेली. त्यानंतर, १९७२ साली, त्यांनी कलाभवनाच्या भिंतीवर चिनी मातीच्या फरशांचे काम करवून घेतले. कागदाच्या घड्या आणि कात्रणे बोटांनी चाचपून त्यांनी आकृती ठरवल्या होत्या. सत्यजित राय त्यांचे विद्यार्थी. त्याच वर्षी त्यांनी आपल्या मास्तरांवर ‘द इनर आय’ हा माहितीपट केला. निघण्यापूर्वी मुलांना तो दाखवावा.

पांथस्थ

शिल्प हलवण्याचा आग्रह मी सोडतो, चुनावाळूंनी सांगितलेल्या सळईमुळे. पण ठसा घेऊन ठेवायला काय हरकत आहे? उद्या वीज पडली, झाड कोसळले, तर निदान आकार तरी उरेल. आणि चोरीचे काय? २००४ साली याच विद्यापीठाच्या रवींद्र भवनातून नोबेल पदक चोरीला गेले, म्हणजे कुलपाआडचे तरी कुठे सुरक्षित आहे?

चुनावाळू

ठसा घेताना साच्याचा पदार्थ पृष्ठभागाला चिकटतो आणि काढताना सैल झालेले खडे घेऊन निघतो. ज्या शिल्पाचे सारे सौंदर्य खरखरीत अंगात आहे, त्याच्यावर हा प्रयोग मी करू देणार नाही. आता स्पर्श न करता त्रिमितीय नोंद घेता येते आणि तिच्यावरून पुढे भेगांची वाढही मोजता येते. ब्राँझचा मुद्दा त्यानंतरचा. जांभ्याच्या खड्यांमुळे या शिल्पाचे अंग त्याच जमिनीचे वाटते, भर दुपारी ते ऊन पिते, पावसात काळवंडते. ब्राँझ चकाकते. आकार तोच राहील आणि वजन निघून जाईल, म्हणजे स्थलांतराला निघालेल्या कष्टकरी माणसांच्या अंगावर श्रीमंती चढेल.

चोरीबद्दल पांथस्थांचे म्हणणे योग्य आहे. उचलून नेता येत नाही, हा भिंतीचा एक मोठा फायदा. तो विकण्यालाही लागू होतो. इंग्लंडमधल्या डार्टिंग्टन हॉल ट्रस्टने आपल्याकडची रवींद्रनाथांची बारा चित्रे २०१० साली लंडनमध्ये लिलावात विकली आणि त्यांना सुमारे १६ लाख पौंड मिळाले. आपल्या १९७२ च्या कायद्यानुसार रवींद्रनाथ आणि नंदलाल यांच्या कलाकृती देशाबाहेर नेता येत नाहीत, पण जे आधीच बाहेर होते त्याला हा कायदा कसा रोखणार? या कायद्याखाली ज्यांच्या कृतींना अशी बंदी आहे त्या नऊ कलावंतांच्या यादीत रामकिंकर आणि बिनोदबिहारी नाहीत, हेही इथे नोंदवतो.

कुंचला

सर्वांचे मनापासून आभार. ब्राँझचा वाद वर्गात पुन्हा घेणार आहे, पण या वेळी प्रत्येकाने जांभ्याचा एक खडा आणि तशाच रंगाचा धातूचा तुकडा हातात घेऊन बोलायचे, अशी अट घालीन. आमच्याकडे जांभ्याची टंचाई नाही. कावीकाम पाहायचेही ठरले. एकच विचारायचे राहिले : हिंदी भवन आणि चीना भवन कोणालाही सहज पाहता येते का?

शालवीथी

नाही. ती दोन्ही चालू विभाग आहेत, तिथे तास भरतात. महाविद्यालयाच्या पत्रावर मुलांची संख्या, तारीख आणि रेखाटन करायचे आहे की छायाचित्रे घ्यायची आहेत हे स्पष्ट लिहून आधी परवानगी मागवा, आणि हिंदी भवन, चीना भवन व वसतिगृहाचे छत यांची नावे पत्रात वेगवेगळी घाला. विश्वभारतीची साप्ताहिक सुटी बुधवारी असते, त्यामुळे दोनपैकी एकही दिवस बुधवारी येऊ देऊ नका. ३ डिसेंबर हा नंदलालबाबूंचा जन्मदिवस, आणि त्याआधीच्या दोन दिवशी, १ आणि २ तारखेला, कलाभवनात नंदन मेळा भरतो. विद्यार्थी आणि शिक्षक आपली कामे तिथे माफक किमतीत विकायला ठेवतात. मेळ्याच्या गर्दीत ‘संथाळ कुटुंब’ शांतपणे पाहता येणार नाही, म्हणून एक दिवस मेळ्याला आणि ४ तारीख शिल्पांसाठी असा बेत जमला तर पाहा. पौष मेळ्याच्या आठवड्यात मात्र शांतिनिकेतनजवळच्या बोलपूरला उतरू नका, राहायला खोली मिळणार नाही.